लाल मातीतली खाणगावं : निघण्याआधी आणि पोहोचल्यावर

ॲडलेडहून ब्रोकन हिल सुमारे ५१५ किलोमीटर. रस्ता डांबरी, सरळ, वाहतूक तुरळक. म्हणून बहुतेक जण हे अंतर एका दमात कापतात, गावात एक रात्र झोपतात, मावळत्या सूर्याचे फोटो काढतात आणि सकाळी पुढच्या गावाकडे सुटतात. असं करू नका. ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधल्या खाणगावांची सहल किलोमीटरवर आखायची नसते, मुक्कामांवर आखायची असते. गावं कमी करा, रात्री वाढवा. या गावांत पाहण्यासारखं जे आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. ते जमिनीखाली आहे, कामगारांच्या सभागृहात आहे, पत्र्याच्या जुन्या मशिदीत आहे आणि दुपारी चारला बंद होणाऱ्या छोट्या संग्रहालयांत आहे. धावत जाणाऱ्याला यातलं काहीच हाती लागत नाही.

हा लेख मुख्यतः ॲडलेड, मेलबर्न, सिडनीकडच्या मराठी घरांसाठी आहे. भारतातून आईवडील काही महिने राहायला येतात, त्यांना समुद्रकिनारे आणि द्राक्षमळे दाखवून झाले की पुढे काय, हा प्रश्न अनेक घरांत पडतो. त्यांनाही ही सहल झेपते, फक्त ऋतू नीट निवडायला हवा.

एप्रिल अखेर ते सप्टेंबर हाच काळ. त्यातही मे ते ऑगस्ट उत्तम. दिवसा ऊन कोवळं असतं, पण रात्री पारा शून्याच्या जवळ जातो, तेव्हा ‘वाळवंटात चाललोय’ म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीत तापमान चाळिशीच्या वर जातं, माश्या डोळ्यांत-नाकात शिरतात, आणि खाणी दाखवणाऱ्या अनेक सहली त्या दिवसांत बंद किंवा कमी असतात. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांना वेळ असतो हे खरं, पण ज्येष्ठांना किंवा लहान मुलांना घेऊन त्या दिवसांत तिकडे जाणं धोक्याचं आहे.

आता गाडीविषयी. डांबरी रस्त्यावरच राहणार असाल तर साधी गाडी चालते, फोर-व्हील ड्राइव्ह लागत नाही. पण स्टेपनी पूर्ण आकाराची हवी, तिच्यात हवा हवी आणि चाक बदलता यायला हवं. घराच्या अंगणात एकदा बदलून बघा. गाडी भाड्याची असेल तर करार ओळीनओळ वाचा. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली, किंवा शहराबाहेर अंधार पडल्यावर चालवताना अपघात झाला तर विमा लागू होत नाही, अशी अट अनेक करारांत असते. भारतातून आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी गाडी चालवणार असेल तर त्यांचं मूळ लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ असू द्या.

अंधाराची अट कंपन्यांनी उगाच घातलेली नाही. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, आणि दिव्यांच्या झोतात आले की कुठे उडी मारतील सांगता येत नाही. एमू दिवसाही आडवा येतो. जनावर समोर आलं तर ब्रेक दाबा, चाक जोरात वळवू नका. उलटलेल्या गाड्यांपैकी कितीतरी अशा झटक्याने वळवल्यामुळेच उलटतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्कामाला पोहोचलेलं असावं, हा नियम मोडू नका.

रोड ट्रेन म्हणजे एका ट्रकमागे जोडलेले दोन-तीन ट्रेलर. स्टुअर्ट हायवेवर त्यांची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असते. एवढं धूड ओलांडायला समोरचा रस्ता किलोमीटर-दीड किलोमीटर तरी मोकळा दिसायला हवा. दिसत नसेल तर मागेच राहा. समोरून येणारी रोड ट्रेन जवळून गेली की वाऱ्याचा धक्का बसतो, तेव्हा चाक दोन्ही हातांनी धरलेलं असू द्या.

मोबाइलला गावाबाहेर रेंज नसते, हे गृहीत धरूनच निघा. त्यातल्या त्यात टेल्स्ट्राचं जाळं दूरवर पोहोचतं. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, कागदी नकाशाही बाळगा. डांबरी सोडून आत शिरणार असाल तर संकटात उपग्रहाकडे संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या. कुठून कुठे चाललोय आणि कधी पोहोचणार हे घरी कुणाला तरी सांगून ठेवा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर तरी हवं, कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर त्याच्या दुप्पट. आणि सर्वांत महत्त्वाचं : गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायला लागू नका. विमानातून शोधणाऱ्याला गाडी दिसते, एकटा माणूस दिसत नाही. आउटबॅकमध्ये जीव गेलेल्या प्रवाशांपैकी अनेकांच्या गाड्या आधी सापडल्या, माणसं नंतर.

पाऊस पडला की कच्चे रस्ते बंद होतात. तिथली माती भिजली की साबणासारखी निसरडी होते, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड होतो. निघायच्या सकाळी राज्याच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती पाहायची सवय ठेवा.

आपल्या स्वयंपाकघराशी संबंधित एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे बऱ्याच जणांना दंड बसतो. ब्रोकन हिलकडून साउथ ऑस्ट्रेलियात परत येताना ऊडला विरा इथे फळमाशीची तपासणी होते. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशी शिरू नये म्हणून ताजी फळं आणि अनेक भाज्या तिथे टाकून द्याव्या लागतात. टोमॅटो, हिरव्या मिरच्या, लिंबं, आंबे, सगळं त्यात येतं. डब्यातली शिजवलेली भाजी चालते. म्हणून जाताना कोरडा शिधा न्या : भाजणी, पोहे, मेतकूट, मुगाची डाळ, तांदूळ, गोडा मसाला. ताज्या भाज्या ब्रोकन हिलच्या मोठ्या दुकानांतून घ्या आणि परतीआधी संपवा. शाकाहारी माणसाला वाटेवरच्या रोडहाऊसमध्ये चीज सँडविच आणि बटाट्याच्या काचऱ्यांपलीकडे फारसं मिळत नाही, त्यामुळे शेगडी असलेली खोलीच ठरवा. कडक उन्हाच्या दिवसांत उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी असते, ती गॅसच्या शेगडीलाही लागू होऊ शकते.

वाट बर्राहून काढा. ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर हे गाव आहे. इथे १८४५मध्ये तांबं सापडलं आणि १८७७मध्ये खाण बंद झाली. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या खाणकामगारांनी इथे आख्खं गाव वसवलं. घरं पुरेनात तेव्हा अनेक कुटुंबं ओढ्याच्या काठात गुहा खोदून राहिली, त्यातल्या काही अजून आहेत. गावात पैसे भरून एक किल्ली मिळते. तिने तुरुंग, गुहा, खाणीच्या इमारती अशी कुलूपबंद ठिकाणं तुम्ही स्वतः उघडून पाहायची. सोबत गाइड नसतो, घाई नसते. मुलांना हे फार आवडतं. पहिली रात्र इथेच काढा.

बर्रापुढे रस्ता गॉयडर रेषेच्या पलीकडच्या मुलखात शिरतो. १८६५मध्ये जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षकाने नकाशावर रेघ ओढून सांगितलं, की हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, तिथे शेती करू नका. पुढे काही वर्षं पाऊस चांगला झाला आणि लोकांनी ऐकलं नाही. छप्पर उडालेली दगडी घरं दोन्ही बाजूंना दिसू लागतील, ती त्यांचीच. युंटाला टाकी भरून घ्या, तिथून ब्रोकन हिल अजून २०० किलोमीटर आहे.

ब्रोकन हिलला तीन रात्री द्या, त्याहून कमी नको. गाव न्यू साउथ वेल्समध्ये असलं तरी घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाचं चालतं. हिवाळ्यात भारतापेक्षा बरोबर चार तास पुढे, तेव्हा घरी फोन करताना हिशेब सोपा. रस्त्यांची नावंही वाचत चला : अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, आयोडाइड. ज्यावर गाव जगलं त्याचीच नावं रस्त्यांना दिलेली आहेत.

चार्ल्स रास्प हा मेंढ्यांच्या कुरणाच्या हद्दीवर देखरेख करणारा साधा नोकर. त्याने १८८३मध्ये इथल्या खडकाळ टेकडीवर हक्क सांगितला, सात जणांची भागीदारी झाली, आणि १८८५मध्ये त्यातून ब्रोकन हिल प्रोप्रायटरी ही कंपनी उभी राहिली. आज जगातली प्रचंड खाणकंपनी असलेली बीएचपी ती हीच. गावाचं नाव घेऊन ती जगभर गेली आणि १९३९मध्ये तिने गाव सोडलं. टेकडी आता जागेवर नाही. चांदी, शिसं आणि जस्ताच्या त्या सात किलोमीटर लांबीच्या साठ्याच्या जागी गावाच्या मधोमध काळ्या राखाडी मातीचा डोंगर उभा आहे.

त्या डोंगरावर खाणकामगारांचं स्मारक आहे. आठशेहून अधिक नावं, प्रत्येकाचं वर्ष आणि मृत्यूचं कारण. दरड कोसळली, शाफ्टमध्ये पडला, स्फोट, शिशाची विषबाधा. तिथे फोटो काढण्यापेक्षा नावं वाचा. एकदोन भिंती वाचल्या तरी चांदीची खरी किंमत कळते. मग खाली उतरून ट्रेड्स हॉलकडे, म्हणजे कामगारांच्या सभागृहाकडे जा. या गावाने १९१९-२० साली दीड वर्ष संप केला आणि ३५ तासांचा कामाचा आठवडा मिळवला. जगातल्या बहुतेक कामगारांना तो अजूनही मिळालेला नाही. खाणीत मेलेल्या माणसांची नावं भिंतीवर कोरून ठेवणारं आणि जिवंत माणसांचे तास कमी करून घेणारं गाव एकच आहे, हे लक्षात ठेवून हिंडलात तर बाकीचं आपोआप उलगडत जाईल.

विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना इथली एक गोष्ट जरूर सांगा. सुरुवातीची कितीतरी वर्षं जस्त वेगळं काढता येत नव्हतं म्हणून ते टाकाऊ ढिगांत जायचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथल्या लोकांनी बारीक दळलेल्या खनिजात पाणी आणि तेल घालून हवा फुंकायची युक्ती पक्की केली. खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटून, ताकावर लोणी यावं तसे वर येतात आणि माती खाली राहते. आज जगभर तांबं, शिसं, जस्त याच पद्धतीने वेगळं करतात.

मराठी माणसाने चुकवू नये अशी इथली जागा म्हणजे गावाच्या उत्तरेची पत्र्याची मशीद. रेल्वे आणि मोटारी नव्हत्या तेव्हा या खाणींना धान्य, यंत्रं, पाणी पोहोचवलं ते उंटांनी. उंट आणि उंटवाले मुख्यतः कराचीहून जहाजाने आले. १८६६मध्ये थॉमस एल्डर यांनी शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे राखणदार पोर्ट ऑगस्टाला उतरवले. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. आपल्याच प्रांताच्या बंदरातून निघालेल्या या माणसांना गावाबाहेर वस्ती करून राहावं लागलं, आणि नागरिकत्व मागितलं तेव्हा बहुतेकांना ते नाकारलं गेलं. त्यांची ही छोटीशी प्रार्थनेची जागा स्थानिक इतिहासप्रेमींनी जपली आहे. ती ठरावीक वेळीच उघडते, पर्यटक केंद्रात विचारून घ्या.

एक सावधगिरी. खनिज जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत असल्याने गावच्या धुळीत शिसं आहे, आणि इथे मुलांच्या रक्तातलं शिसं नियमित तपासलं जातं. दोन-तीन दिवसांच्या पाहुण्याने घाबरायचं कारण नाही, पण लहान मुलांना उघड्या मातीत खेळू देऊ नका, खाण्याआधी त्यांचे हात धुवा, बूट खोलीच्या दाराशी काढा. ही शेवटची सवय आपल्याकडे आहेच.

पूर्वी या गावावर धुळीची भयंकर वादळं यायची, कारण भट्ट्यांसाठी आणि खाणीतल्या टेकूंसाठी आसपासची झाडं तोडून संपली होती. १९३६पासून अल्बर्ट आणि मार्गारेट मॉरिस यांच्या पुढाकाराने गावाभोवतीच्या जमिनीला कुंपण घातलं, मेंढ्या आणि ससे बाहेर ठेवले, आणि स्थानिक झाडोरा पुन्हा उगवला. तो हिरवा पट्टा अजून आहे. सकाळी त्यातून चाला. उजाड माळ माणसाने ठरवलं तर काय होतो याचं एवढं चांगलं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या तळावरही जा. १९२८मध्ये जॉन फ्लिन यांनी सुरू केलेली ही विमानातून डॉक्टर पोहोचवणारी सेवा अख्ख्या आउटबॅकचा आधार आहे. याच निमित्ताने पाहुण्यांचा प्रवासविमा तपासा. रुग्णवाहिकेचा खर्च मेडिकेअरमध्ये येत नाही, आणि तिथली अंतरं लक्षात घेता बिल फार मोठं होऊ शकतं. ज्येष्ठांची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त ठेवा.

गावापासून २५ किलोमीटरवर सिल्व्हर्टन आहे. चांदी ब्रोकन हिलला सापडली आणि हे गाव रिकामं झालं. ‘मॅड मॅक्स’चा दुसरा भाग या परिसरात चित्रित झाला, म्हणून तरुण मंडळी तिथे रमतात. वाटेवरच्या डेड्रीम खाणीत खाली उतरता येतं. वाकून, पायऱ्या उतरत जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी वर चहा घेत थांबावं. ज्यांना जमेल त्यांनी मात्र नक्की उतरावं. मेणबत्तीच्या उजेडात आठ-आठ वर्षांची पोरं इथे खनिज वेचायची, हे त्या अरुंद बोगद्यात उभं राहिल्यावरच नीट कळतं.

आणखी दोन दिवस असतील तर विल्कॅनियामार्गे व्हाइट क्लिफ्सला जा. ऑस्ट्रेलियातली ओपलची पहिली व्यापारी खाण हीच, रस्ता सगळा डांबरी आहे आणि जमिनीखालच्या खोल्यांत मुक्काम करता येतो. विल्कॅनियाला टाकी भरा.

कूबर पेडी मात्र याच फेरीत कोंबू नका. ते ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर, स्टुअर्ट हायवेवर आहे. त्यासाठी वेगळी सुट्टी काढा आणि जाता-येता पोर्ट ऑगस्टाला मुक्काम करा. ग्लेनडॅम्बोपासून कूबर पेडीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर पेट्रोल नाही. तिथे १९१५मध्ये विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला ओपल सापडला, आणि पुढे उन्हातून वाचायला लोक टेकड्यांच्या पोटात घरं कोरून राहू लागले. वर्षभर आत तापमान २३ ते २५ अंशांच्या आसपास असतं. सर्बियन लोकांचं जमिनीखालचं चर्च पाहा, ते खरोखर सुंदर आहे. पाणी काटकसरीने वापरा : ते जमिनीखालून उपसून, क्षार काढून गावाला पुरवलं जातं आणि महाग असतं.

खाणपट्ट्यात फिरताना जिवाला जपा. हजारो उघडे शाफ्ट आहेत, कडेला कुंपण नाही. फोटोसाठी मागे मागे सरकू नका, अशा पाट्याच तिथे लावल्या आहेत. मुलांचा हात सोडू नका. दुसऱ्याच्या हक्काच्या जागेत शिरू नका. मातीच्या ढिगांत ओपल शोधायची हौस असेल तर गावात त्यासाठी सर्वांना मोकळी ठेवलेली जागा आहे, तिथेच शोधा.

ओपल विकत घेण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण शुक्राचं रत्न म्हणून नातेवाईक हमखास ‘एक आणशील का’ असं सांगतात. दुकानात तीन प्रकार मिळतात. अखंड ओपल, म्हणजे पूर्ण खडा एकाच दगडाचा. डब्लेट, म्हणजे ओपलची पातळ चकती काळ्या पाठीला चिकटवलेली. आणि ट्रिप्लेट, ज्यात त्यावर आणखी पारदर्शक टोपी बसवलेली असते. वरून तिन्ही सारखेच झळकतात, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खडा आडवा धरून कडेने बघा, सरळ रेघ दिसली तर तो जोडलेला आहे. जोडलेला खडा वाईट नसतो, पण अंगठीत घालून रोज भांडी घासली, अंघोळ केली तर पाणी सांध्यात शिरून तो धुरकट होतो. अंगठीसाठी अखंडच घ्या, लहान का असेना. पावतीवर प्रकार लिहून मागा. लिहून देत नसेल त्या दुकानातून घेऊ नका.

पर्थकडच्या वाचकांसाठी कालगुर्ली आहे. १८९३मध्ये पॅडी हॅनन आणि साथीदारांना तिथे सोनं सापडलं, आणि १९०३पासून पर्थजवळच्या धरणातून पाचशेहून अधिक किलोमीटर नळाने पाणी तिथे जातं. तो नळ आखणारे अभियंता सी. वाय. ओकॉनर यांनी टीकेच्या भडिमारात, पाणी पोहोचण्याच्या आधीच्या वर्षी आत्महत्या केली. कालगुर्लीच्या उत्तरेला ग्वालिया आहे. १९६३च्या अखेरीस खाण बंद झाली आणि काही आठवड्यांत लोक पत्र्याची घरं तशीच टाकून निघून गेले. ती घरं आता जपली आहेत, त्यांत बिनदिक्कत फिरता येतं.

त्याच राज्याच्या वायव्येला, करिजिनी राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी, विट्टनूम नावाची जागा जुन्या नकाशांवर आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत दिसेल. तिथे १९६६पर्यंत निळं अ‍ॅस्बेस्टॉस काढलं जात होतं. त्या धुळीने झालेल्या आजारांत कामगार, त्यांच्या बायका आणि तिथे लहानाची मोठी झालेली मुलं अशी दोन हजारांहून अधिक माणसं गेली. सरकारने २००७मध्ये गाव म्हणून त्याचा दर्जा काढून घेतला, शेवटची रहिवासी २०२२मध्ये बाहेर काढली गेली. तंतूंचे ढीग घळींमध्ये अजून तसेच पडले आहेत. ओस गाव पाहायला तिथे जाणारे लोक आहेत. तुम्ही जाऊ नका, गाडीच्या काचा बंद करूनही नको, आणि कुणी बेत आखत असेल तर त्यालाही थांबवा.